सोळा खणांतलं पत्र

'लेस' या इंग्रजी शब्दाच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा नाहीसा झाल्याने इव्हान प्रोबर्टचा काय फायदा होणार होता, याचा हिशेब वेनफर्ड गावाने सोमवारच्या चहापर्यंत पुरा करून टाकला होता. एक, अमेरिकेतल्या शब्दकोशवाल्यांनी त्याला बोलावणं धाडलं होतं. तिकडे रिकाम्या हाताने जाण्यापेक्षा तीनशे बारा चिठ्ठ्या घेऊन गेलेलं बरं. दोन, संपादक डॉ. लॉरिमर यांच्याशी त्याचं महिनाभर वाजत होतं. तीन, तो वेल्श होता. तिसरं कारण कोणी मोठ्याने बोलत नव्हतं, पण बेरीज करताना धरत सगळेच होते.

आमोस थ्रेलला ही बेरीज पटली नव्हती. एकतीस वर्षं पोस्टात पत्रांची वर्गवारी केल्यावर तो कोशघरात आला होता, आणि गेली सात वर्षं इथे चिठ्ठ्यांची वर्गवारी करत होता. गावोगावचे हौशी वाचक पुस्तकं वाचत, एखादा शब्द नजरेत भरला की ते वाक्य एका चिठ्ठीवर उतरवून पाठवत. थ्रेल ती चिठ्ठी वहीत नोंदवून त्या त्या अक्षराच्या खणात टाकत असे. कोशघराच्या त्या जुन्या बार्लीच्या वखारीत असे दोन हजार खण होते.

"गुरुवारी दुपारी छापखान्याचा माणूस येणार," डॉ. लॉरिमर म्हणाले. "तोवर गठ्ठा मिळाला नाही तर प्रोबर्टला मी काढणार. शिफारसपत्राशिवाय. गेल्या गुरुवारी संध्याकाळी गठ्ठा मिळाल्याची सही कोणाची आहे? त्याची. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीनंतर कपाट रिकामं. यात शोधायचं काय आहे, थ्रेल?"

"सुट्टीत कपाट उघडंच असतं, साहेब. आपण सगळे मागे सूप प्यायला जातो."

"म्हणजे कोणीही नेला असेल, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"कोणीही म्हणजे चारच जण," थ्रेल म्हणाला. "त्यांत एक तुम्ही."

लॉरिमरांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

२

इव्हान प्रोबर्ट खिडकीपाशी आपला लंगडा पाय स्टुलावर टाकून बसला होता. तो पाय फ्रान्सच्या लढाईतून तसाच परत आला होता. बाकीचा इव्हान ठीक होता. घरी बायको होती आणि तिसऱ्या पोराची वाट पाहणं चाललं होतं.

"या, थ्रेलसाहेब. बेड्या आणल्यात का?"

"आणल्या असत्या, पण तुझे हात कामाचे आहेत. मला सांग, भांडण कशाचं होतं?"

"भांडण?" इव्हान हसला. "तुम्ही शाळेत लॉरिमरसाहेबांचं पुस्तक वाचलंय ना? सगळ्या इंग्लंडने वाचलंय. त्यात ते लिहितात की 'लेस' म्हणजे कमी, आणि तोच शब्द दुसऱ्या शब्दाच्या शेपटाला जाऊन चिकटला. म्हणजे होमलेस माणसाकडे घर थोडं कमी असतं! दोन खोल्या कमी, एक न्हाणीघर कमी!"

"आणि खरं काय?"

"खरं हे की दोघांची घराणी वेगळी. सुटा 'लेस' म्हणजे धाकटा, लहान. शेपटाचा 'लेस' जुन्या 'लेआस'पासून आला. अर्थ मोकळा, रिकामा, सुटलेला. हरवणे आणि सैल होणे हे इंग्रजीतले दोन्ही शब्द त्याचे भाऊबंद. फादरलेस म्हणजे बाप कमी असलेला नव्हे हो, बाप हातून सुटून गेलेला. पंडितांना हे कधीचं ठाऊक आहे. साहेबांनाही. पण पुस्तकातली चूक आपल्याच कोशात आपल्याच हाताने खोडायची, म्हणजे…" त्याने गळ्यावरून बोट फिरवलं. "गंमत सांगू? ते वाक्य ज्या चिठ्ठीवर होतं, तीच गठ्ठ्यातून दोन आठवड्यांपूर्वी गायब झाली. एकच. मी काही बोललो नाही. म्हाताऱ्याला तेवढं सुख लाभू दे म्हटलं."

थ्रेलने हे मनात टिपून ठेवलं. "गठ्ठा बनवला कोणी?"

"मीच. शेपटाची नोंद लिहायची तर सगळे शब्द एकत्र लागतात. ऑक्टोबरभर खणाखणातून वेचत होतो. चाइल्डलेस 'सी'च्या खणातून, एंडलेस 'ई'च्या. तेव्हा त्या दर शुक्रवारी येणाऱ्या आपल्या जुन्या वाचक, मिसेस टॅरंट, माझ्यामागे लागल्या होत्या, गठ्ठा एकदा बघू द्या म्हणून. मी नाही दिला. नियम आहे."

"गठ्ठा दिसायला कसा होता?"

इव्हानने खांदे उडवले. "कसा म्हणजे? तीनशे बारा चिठ्ठ्या, वर 'एमलेस', खाली 'झेस्टलेस'. तांबडी फीत."

थ्रेल उठला. हाच प्रश्न आपण चौघांनाही विचारायचा, असं त्याने ठरवलं होतं. एकतीस वर्षांत त्याला एवढं कळलं होतं, की माणसाने काय पाहिलं हे तो सांगत नाही. पण कुठून पाहिलं हे लपवता येत नाही.

३

"दिसायला?" डॉ. लॉरिमर म्हणाले. "अव्यवस्थित! निम्म्या चिठ्ठ्यांचं हस्ताक्षर भयंकर. मिसेस टॅरंट यांचं तेवढं बरं, टपोरं. विशेषतः सतरा सालचं."

"सतरा सालचं तुम्हाला चांगलं आठवतंय, साहेब."

लॉरिमर टेबलावरचे कागद सारखे करू लागले.

"दोन आठवड्यांपूर्वी एक चिठ्ठी गेली. तुमच्या पुस्तकातलं वाक्य होतं तिच्यावर," थ्रेल हळूच म्हणाला. "बाकी गठ्ठा मी शोधतोय. ती चिठ्ठी शोधायला मला तुमच्या टेबलाचा खण उघडायला लावू नका."

मग म्हाताऱ्याने कोटाच्या आतल्या खिशातून एक चिठ्ठी काढली आणि अक्षरं वर करून टेबलावर ठेवली. तिच्यावर मिसेस टॅरंट यांच्या टपोऱ्या अक्षरात लॉरिमरांची जुनी चूक होती.

"तेहतीस वर्षांचा होतो मी, ते लिहिलं तेव्हा," ते म्हणाले. "आता मुलं मला रस्त्यात तेच वाक्य म्हणून दाखवतात. पण गठ्ठा मी नाही घेतला, थ्रेल. गठ्ठ्यावर माझं आयुष्य गेलंय."

थ्रेलने चिठ्ठी पाकिटात घातली. उलटून पाहिली नाही. कोशघरात चिठ्ठीची मागची बाजू कोणीच पाहत नसे. युद्धात कागद मिळेनासा झाला तेव्हा वाचक जुनी बिलं, आमंत्रणं, डॉक्टरांचे कागद कापून पाठवत. तेव्हापासून नियमच झाला होता, मागचं वाचायचं नाही. पोस्टातही हीच रीत. पाकिटावरचं वाचायचं, आतलं नाही.

मग त्याने आवक वही काढली. मे १९१७, मिसेस टॅरंट. एरवी त्या आठवड्याला पन्नास-साठ चिठ्ठ्या पाठवत, वेगवेगळ्या पुस्तकांतल्या. त्या आठवड्यात फक्त सोळा. सगळ्या लॉरिमरांच्या एकाच पुस्तकातून, एकाच पानावरून, सगळे शब्द 'लेस' शेपटाचे. आणि सोळा शब्दांची पहिली अक्षरं सोळा. एकही अक्षर दोनदा नाही.

थ्रेलचं बोट त्या ओळीवर थबकलं. लक्षात आलेले शब्द कोणी असे निवडत नाही. असं निवडतं ते एखादी गोष्ट सोळा खणांत पांगवायची असेल तर.

४

टंकलेखिका डॉर्कस बेडो छपराखाली बसून टंकयंत्राची फीत बदलत होती. सत्तावीस वर्षांची, गाडीवानाची मुलगी, केस घट्ट बांधलेले. गावात तिच्याबद्दल एक गोष्ट सांगत, आणि सांगताना हसत: टॅरंट बाईंचा मुलगा ह्यू आपल्याशी लग्न करणार होता असं तिने तो युद्धात मेल्यावर सांगितलं होतं. बाई म्हणाल्या होत्या, माझ्या मुलाने कुठल्या मुलीचं कधी नावही काढलं नाही. झालं. तिला प्रार्थनेच्या दिवशी मागच्या बाकावर बसवलं, आणि पोरं तिला 'बिनलग्नाची विधवा' म्हणू लागली.

"ये पोरी, चहा पी," थ्रेल म्हणाला. "शहाजिऱ्याचा केकही आहे, कालचा."

"कालचा म्हणजे परवाचा, मिस्टर थ्रेल."

"कोशात तसंच असतं. जुनं तेवढं मोलाचं." ती हसली नाही. "गुरुवारी गठ्ठ्याला आकडे तू घातलेस ना?"

"मीच. एक ते तीनशे अकरा. एक चिठ्ठी कमी होती, ते इव्हानला सांगितलं मी."

"दिसायला कसा होता?"

"जाड, पांढऱ्या चिठ्ठ्या. मध्येच काही पातळ होत्या, निळ्या चौकड्यांच्या." ती बोलता बोलता फितीशी झगडत होती. "इव्हानला खरंच काढणार का?"

"गुरुवारी."

"त्याच्या बायकोला दिवस आहेत."

"हो ना. तुला झोप लागते का रात्री?"

तिचा हात थांबला. "का?"

"सहज. डोळे सुजलेत तुझे."

तो परत आपल्या टेबलाशी गेला, बसला, आणि तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात ती निळी चौकडी लखकन उमटली. त्याने पाकिटातून लॉरिमरांची चिठ्ठी काढली. पुढची बाजू चौकड्यांविना पांढरी, मिसेस टॅरंट यांचं अक्षर. मग अडतीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने नियम मोडला. चिठ्ठी उलटी केली.

निळ्या चौकड्या. सैन्यातल्या वहीचा कागद. पेन्सिलीने, घाईत लिहिलेलं: '…तार आली तर ती तुझ्याकडे येईल, तिच्याकडे नाही. म्हणून तूच…'

तिथे कागद कापला होता.

५

मिसेस टॅरंट यांच्या दिवाणखान्यात ह्यूचा गणवेशातला फोटो पियानोवर होता. बाई स्वतः चहा ओतत होत्या. एक थेंबही सांडला नाही.

"सतरा सालच्या मेमध्ये तुम्ही सोळाच चिठ्ठ्या पाठवल्यात," थ्रेल म्हणाला.

"कागद नव्हता."

"होता. चार ताव होते. निळ्या चौकड्यांचे. एकेकाचे चार तुकडे केलेत तुम्ही."

किटली खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"तुमच्याकडे किती आहेत, बाई?"

त्यांनी प्रार्थनेचं पुस्तक उचललं, त्याच्या पानांतून एकेक करत चार चिठ्ठ्या काढल्या. चार वेगवेगळ्या खणांतल्या. तीन वर्षं दर शुक्रवारी 'माझ्या चिठ्ठ्या तपासते' म्हणून त्या कोशघरात येत होत्या. तपासत नव्हत्या, शोधत होत्या.

"ह्यूने लिहिलं होतं, गाडीवानाच्या मुलीशी लग्न करतो म्हणून," त्या म्हणाल्या. "मी इतकी संतापले, की पत्र जाळलंही नाही. जाळलं तर आठवण राहते, थ्रेल. म्हटलं, कापावं आणि तुमच्या खणांत टाकून द्यावं. दोन हजार खण. कोणाला सापडणार? हाताशी लॉरिमरचं पुस्तक होतं, एका पानावर सोळा शब्द मिळाले. तासाभरात काम झालं. अकरा दिवसांनी तार आली." त्यांनी फोटोकडे पाहिलं नाही. "ते त्याचं शेवटचं पत्र. दुसरं काही आलंच नाही. नंतर मला ते परत हवं झालं. मागू कसं? काय म्हणून मागू? चार सापडले. मग तो वेल्श मुलगा आला आणि सगळे उचलून घेऊन गेला."

"म्हणून गठ्ठा तुम्ही नेलात?"

"मी?" त्या ताठ झाल्या. "मी शुक्रवारी कपाटापाशी गेले होते, खोटं कशाला बोलू. पण कपाट रिकामं होतं. माझ्या आधी कोणीतरी येऊन गेलं होतं."

थ्रेलला ते ठाऊक होतं. कोण ते, हेही ठाऊक होतं. निळ्या चौकड्या चिठ्ठीच्या पुढून दिसत नाहीत. आकडे घालायला चिठ्ठी उलटायची गरज नसते. ओळखीचं अक्षर पातळ कागदामागून उमटून दिसलं, तरच माणूस उलटून पाहतो.

"उद्या तीन वाजता कोशघरात या, बाई," तो म्हणाला. "या चारही घेऊन."

"कशाला?"

"उरलेल्या बारा जणी तुमची वाट पाहतायत."

६

बुधवारी तीन वाजता वर्गवारीच्या लांब टेबलाशी ते सगळे उभे होते. डॉर्कसने तांबड्या फितीतला गठ्ठा टेबलावर ठेवला; थ्रेलने नुसतं "घेऊन ये, पोरी" म्हटलं होतं, आणि ती घेऊन आली होती.

"मी परत ठेवणार होते," ती इव्हानकडे पाहून म्हणाली. "सोमवारी. अकरा उतरवून घेऊन. पण पाच तुकडे नव्हतेच, आणि मधलं वाक्यच लागेना. मग तुझं नाव आलं आणि मला बोलता येईना. तू मला शिव्या दे."

"नंतर देतो," इव्हान म्हणाला. "आधी हे लावू."

चिठ्ठ्या उलट्या करून ठेवल्या. डॉर्कसच्या अकरा. मिसेस टॅरंट यांच्या चार. थ्रेलने पाकीट उघडून सोळावी ठेवली, तेव्हा डॉ. लॉरिमर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. इव्हानने कोशकाराच्या सवयीने कडा जुळवल्या. असं काम त्याच्याइतकं कोणाला येत नव्हतं. चार ताव टेबलावर पुन्हा उभे राहिले.

"वाच," मिसेस टॅरंट म्हणाल्या. "माझा चष्मा नाही." चष्मा त्यांच्या गळ्यात लटकत होता.

डॉर्कसने वाचलं. मोजे मिळाले. पाऊस थांबत नाही. आई, तू रागावशील हे मला माहीत आहे, पण मी डॉर्कस बेडोला शब्द दिलाय आणि तो मी मोडणार नाही. मला काही झालं तर तिला माझी बायको समज, लग्न झालं नसलं तरी. तार आली तर ती तुझ्याकडे येईल, तिच्याकडे नाही. म्हणून तूच तिच्या घरी जा आणि तिला सांग. तिला हे दुसऱ्या कुणाकडून कळता कामा नये.

तिथे ती थांबली. कोशघराच्या वार्तापत्रात 'आमच्या ज्येष्ठ वाचक मिसेस टॅरंट यांचे सुपुत्र' युद्धात कामी आल्याची बातमी सतरा सालच्या जूनमध्ये टंकायला कोणाच्या टेबलावर गेली होती, हे तिथल्या प्रत्येकाला आठवलं. ती बातमी तिने एकही चूक न करता टंकली होती. नंतर मागच्या दारी जाऊन ओकली होती, ते थ्रेलने पाहिलं होतं आणि शिळ्या सूपचा दोष समजला होता.

"मला एवढंच हवं होतं," डॉर्कस म्हणाली. "त्याने लिहिलं होतं का, एवढंच. तीन वर्षं मला वाटत होतं, मीच काहीतरी चुकीचं समजले."

मिसेस टॅरंट यांनी टेबलावरच्या एका तुकड्याची कड बोटाने सरळ केली.

"मुली," त्या शेवटी म्हणाल्या, "रविवारी चहाला येशील?"

डॉर्कसने थोडा वेळ विचार केला. रागाने नाही, खरंच विचार केला.

"नाही, बाई," ती म्हणाली. "नाही जमणार."

७

नियम असा होता, की खणात पडलेली चिठ्ठी कोशाची. छापून झाली की ती पुन्हा आपापल्या अक्षरात जाणार. म्हणजे सोळा खण, पुन्हा. त्या संध्याकाळी आमोस थ्रेलने कोऱ्या कागदावर सोळा चिठ्ठ्या मिसेस टॅरंट यांच्या टपोऱ्या अक्षराची नक्कल करत उतरवल्या आणि गठ्ठ्यात घातल्या. कोशाच्या भाषेत ही लबाडी होती. लॉरिमरांनी ते पाहिलं, आणि सोळापैकी आपल्या वाक्याची चिठ्ठी त्यांनी स्वतःच्या हाताने सगळ्यात वर ठेवली.

गुरुवारी छापखान्याचा माणूस आला, गठ्ठा घेऊन गेला. पुढच्या वर्षी नोंद छापली: दोन 'लेस', दोन घराणी, आणि खाली चुकीच्या मताचं उदाहरण म्हणून संपादकांचं वाक्य, नावासकट. लॉरिमरांचा अभिमान त्यातच गेला. इव्हान प्रोबर्टची नोकरी राहिली, पण ज्या गावाने चहा संपायच्या आत आपल्याला चोर ठरवलं तिथे त्याचं मन लागेना. पोर जन्मल्यावर तो खरंच अमेरिकेला गेला. थ्रेलच्या हातून एक नियम गेला आणि त्याचं त्याला फारसं वाईट वाटलं नाही, याचंच वाईट वाटलं.

डॉर्कस बेडोला कपाट उघडून गठ्ठा नेल्याबद्दल कामावरून काढलं. ते न्याय्यच होतं. तीही तसंच म्हणाली. ती श्रूजबरीला एका वकिलाकडे लागली, आणि गावाने तिचा विषय सोडला, म्हणजे माफी मागितली नाही. ह्यूचं पत्र तिच्याकडे आहे. चार ताव, सोळा तुकडे, मागून डिंकाने चिकटवलेले.

ते तिला मिसेस टॅरंट यांनी दिलं. टेबलावरून सोळाच्या सोळा गोळा केले, क्रमाने लावले आणि तिच्या हातात ठेवले. मग हातमोजे घातले, गाडी बोलावली नाही, चालत घरी गेल्या. त्यांच्याकडे आता मुलाच्या हातचं एकही अक्षर नाही.

दर शुक्रवारी कोशघरात यायचं त्यांनी बंद केलं. शोधण्यासारखं तिथे काही उरलं नव्हतं.